नाटक लिहून झाल्यावर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

नवीन नाटककार संहिता लिहून संपवतो आणि त्याच रात्री तीन दिग्दर्शकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. मग महिनाभर निळ्या टिका बघत बसतो. वाचन होतं ते त्यानंतर, तेही कुणी विचारलं तर. प्रयोगाचं परवानगीपत्र आणि ‘सेन्सॉर’चं प्रमाणपत्र यांची आठवण स्पर्धेच्या प्रवेशिकेच्या शेवटच्या तारखेला येते. इथे काम कमी पडत नाही, क्रम उलटा होतो. आधी ऐकायचं, मग दुरुस्त करायचं, मग प्रत बंद, म्हणजे अंतिम, करायची, मग हक्काचे कागद करायचे आणि त्यानंतरच पाठवायचं. पुढचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. एकांकिका आणि दोन अंकी नाटक दोन्हींना ते लागू आहेत. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## १. संहिता वाचण्याजोगी करा

पहिल्या पानावर नाटकाचं नाव, लेखकाचं नाव, फोन नंबर आणि कितवी प्रत आहे ते महिन्यासकट. दुसऱ्या पानावर पात्रं: नाव, वय आणि एका ओळीत नातं. ‘सालस, प्रेमळ, पण मनातून दुखावलेली’ असलं वर्णन नको, ते संवादांतून कळलं पाहिजे. त्याखाली पुरुष किती, स्त्रिया किती, एक नट दोन भूमिका करू शकतो का, स्थळ, काळ आणि अंदाजे वेळ. हौशी संस्थेचा दिग्दर्शक सगळ्यात आधी हेच पान बघतो, कारण आपल्याकडे माणसं किती आहेत हे त्याला पाठ असतं.

तिसऱ्या पानापासून नाटक. पात्राचं नाव डावीकडे, संवाद त्याच्यासमोर, रंगसूचना कंसात आणि वेगळ्या ठशात. पानांना क्रमांक हवेतच. तालमीत ‘पान सतरा, खालून तिसरं वाक्य’ असं म्हणता आलं नाही तर दहा माणसांचा वेळ फुकट जातो.

टाइप युनिकोडमध्ये करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी दिसते, आणि समोरचा माणूस ती दुरुस्त करायला बसत नाही, पुढच्या फाइलकडे जातो. पाठवताना पीडीएफ पाठवा. मूळ फाइल स्वतःकडे ठेवा.

पात्रांची नावं जवळजवळची असू नयेत. सुधा, सुमन आणि सुनंदा एकाच घरात असतील तर वाचनाच्या दिवशी वाचणारे एकमेकींचे संवाद म्हणतात. हे आत्ताच बदला, नंतर जीव होत नाही.

तपासणी : प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला कोण रंगमंचावर आहे, हे फक्त रंगसूचना वाचून कळतंय का? एखादं पात्र विंगेत गेलंच नाही आणि तीन पानांनी बाहेरून आत आलं, असं होतं. हमखास होतं.

## २. एकट्याने, मोठ्याने, घड्याळ लावून

दार बंद करा, फोनवर स्टॉपवॉच लावा आणि पूर्ण नाटक मोठ्याने वाचा. मनात वाचलेला वेळ खोटा असतो. रंगसूचनाही वाचा, कारण त्या करायला रंगमंचावर वेळ जातोच. ‘तो चहा करतो’ हे कागदावर तीन शब्द आहेत, प्रयोगात ते तीन मिनिटं असू शकतात.

आलेल्या वेळेत प्रवेश बदलतानाच्या प्रत्येक अंधारासाठी, म्हणजे ब्लॅकआउटसाठी, अर्धा मिनिट मिळवा. इथे एक रोग सांगितलाच पाहिजे. मालिका बघून वाढलेल्या लेखकाच्या चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत चौदा ब्लॅकआउट असतात: दवाखाना, रस्ता, घर, पुन्हा दवाखाना. प्रत्येक अंधारात प्रेक्षक फोन काढतो. स्थळं कमी करा, किंवा एकाच जागेत दोन स्थळं खेळवा. स्पर्धेच्या दृष्टीनेही हेच शहाणपणाचं, कारण नेपथ्य लावायला आणि उतरवायला मोजकीच मिनिटं मिळतात.

स्पर्धेची वेळमर्यादा नियमावलीत बघा आणि त्यापेक्षा किमान दहा टक्के आधी संपेल अशी संहिता ठेवा. प्रयोगात हशे येतात, नट थांबतात, कुणीतरी वाक्य विसरतं. वेळ ओलांडली की गुण कापले जातात, काही ठिकाणी प्रयोगच बाद होतो, आणि त्याचा राग संघ लेखकावर काढतो.

## ३. चाचणीवाचन

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा थांबून बघू.

पहिली गल्लत म्हणजे चाचणीवाचन आणि अभिवाचन एकच समजणं. अभिवाचनात आवाज बसवलेले असतात, मागे संगीत असतं, प्रेक्षक कार्यक्रमाला आलेले असतात आणि शेवटी टाळ्या वाजवून जातात. तो एक सादरीकरणाचा प्रकार आहे, चांगला आहे, पण त्यातून संहितेचे दोष कळत नाहीत. चाचणीवाचनात दोष कळायला हवेत, त्यामुळे तिथे टाळी मिळाली नाही तरी चालतं.

वाचणारे कोण? पात्रं जितकी, तितके वाचणारे, आणि रंगसूचना वाचायला एक जादा. लेखकाने काहीही वाचायचं नाही. लेखक वाचायला बसला की कच्च्या वाक्याला आवाजाने टेकू देतो. अट्टल नटांनाही पहिल्या वाचनाला बोलावू नका, चांगला नट वाईट वाक्यही पेलून नेतो. नाटकाची आवड असलेली, बरं वाचणारी साधी माणसं हवीत. त्यांना संहिता आधी देऊ नका. ती थेट वाचताना जिथे अडखळतात तिथे बहुतेक वेळा वाक्यच अडखळत असतं.

बोली असेल तर त्या बोलीचा एक माणूस हवाच. पुण्यात बसून रचलेली मालवणी किंवा वऱ्हाडी कुडाळच्या आणि अकोल्याच्या माणसाला पहिल्या दोन वाक्यांत ओळखू येते. तो भिडेखातर बोलत नाही, म्हणून त्याला मुद्दाम विचारा.

ऐकणारे कोण? सात-आठ पुरेत. त्यांतले निम्मे तरी नाटकवाले नसावेत. घरचे नकोत. एखादे ज्येष्ठ रंगकर्मी बोलावणार असाल तर एकच बोलवा. दोन आले की चर्चा तुमच्या नाटकावरून त्यांच्या जुन्या नाटकांवर जाते आणि परत येत नाही.

जागा. कुणाचा हॉल, वाचनालयाची खोली, कॉलेजचा वर्ग, काहीही चालेल. पंखा आवाज करणारा नको. खुर्च्या गोलात. चहा शेवटी. मध्ये चहा आला की दुसऱ्या अंकाची सुरुवात कपबशांच्या आवाजात वाया जाते.

सुरुवातीला काय बोलायचं? नाटकाचं नाव आणि पात्रयादी. बस. ‘हे मला कसं सुचलं’, ‘यात मला असं म्हणायचंय’ हे एकदा सांगितलं की ऐकणारे तेच शोधत बसतात आणि त्यांना ते सापडतंही. प्रेक्षागृहात तिसऱ्या घंटेनंतर तुम्ही समजावायला नसणार.

वाचन चालू असताना लेखकाने काय करायचं? आपली छापील प्रत मांडीवर, हातात पेन्सिल, नजर कागदावर कमी आणि माणसांवर जास्त. तीनच खुणा करा. वाचणारा अडखळला तिथे काट. ऐकणाऱ्याने घड्याळाकडे, फोनकडे किंवा खिडकीकडे बघितलं तिथे गोल. हसू आलं तिथे बरोबरची खूण, आणि नको तिथे आलं तर त्यावर रेघ. मध्ये थांबवून दुरुस्त्या सांगू नका. चुकीचा उच्चार झाला तरी सोडून द्या.

अशा वाचनात काय सापडतं, त्याचा एक नमुना. भाऊ बऱ्याच वर्षांनी गावच्या घरी आलाय, घर विकायचा विषय आहे. पहिल्या प्रतीत बहिणीचं पहिलं वाक्य असं होतं:

> मंगल : दादा, दहा वर्षांनी पुण्याहून गावी आलास, आणि तेही आई गेल्यावर, हे वाडवडिलांचं घर विकायला!

वाचणारी ‘वाडवडिलांचं’वर अडखळली आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बहीण हे भावाला सांगत नाहीये, प्रेक्षकांना सांगतेय, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं. पुढच्या प्रतीत:

> मंगल : चप्पल बाहेर काढतात इथे.
> दादा : माहितीये.
> मंगल : मग काढ.

दहा वर्षं, आई, घर यांतलं काहीच आलेलं नाही. ते पुढच्या दोन पानांत एकेक करून येतं. पण घर कुणाचं आणि पाहुणा कोण, हे तीन वाक्यांत कळलं आणि नटाला करायला काहीतरी मिळालं. पहिल्या पाच पानांतली अशी ‘माहितीपत्रकं’ शोधा. ती प्रत्येक पहिल्या प्रतीत असतात.

वाचनानंतर. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ‘छान’ असतं. त्याऐवजी हे विचारा: गोष्ट काय घडली ते दोन वाक्यांत सांगा. कुठे लक्ष सुटलं? काय कळायला हवं होतं आणि कळलं नाही? कोणाचं म्हणणं पटलं? पहिल्या प्रश्नाला पाच जणांनी पाच वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर बाकीचे प्रश्न राहू द्या, तुमचं पुढचं काम ठरलं.

उत्तरं लिहून घ्या. बाजू मांडू नका. ‘नाही, पण तिसऱ्या पानावर ते आलंय’ हे तोंडावर येतंच, ते गिळा. तिसऱ्या पानावर आलेलं ऐकू आलं नसेल तर ते आलेलं नाही. कुणीतरी ‘मी असतो तर शेवटी त्याला मारला असता’ असं म्हणेल. त्याचा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो, पण ज्या जागी त्याला उपाय सुचवावासा वाटला ती जागा दुखरी असते. जागा टिपा, उपाय सोडा.

सावधान : वाचनाच्या प्रती परत गोळा करा. वाचन रेकॉर्ड करणार असाल तर आधी सगळ्यांना सांगून करा, आणि ती फाइल फक्त तुमच्याकडे राहू द्या.

## ४. दुरुस्ती, दुसरं वाचन आणि प्रत बंद करणं

त्याच रात्री दुरुस्तीला बसू नका. आठवडाभराने खुणांची प्रत काढा. मोठ्या गोष्टी आधी: प्रवेशांचा क्रम, नको असलेलं पात्र, उशिरा सुरू होणारी गोष्ट. वाक्यं शेवटी. उलट केलंत तर आठ दिवस घासलेला प्रवेश शेवटी कापावा लागतो आणि तो कापायला हात धजत नाही.

दुसरं वाचन वेगळ्या माणसांसमोर, आणि आता चांगले नट चालतील. यात वेळ पुन्हा मोजा. दुसऱ्या वाचनात जुन्याच जागी गोल पडले तर पाठवण्याची घाई करू नका.

मग प्रत बंद करा. फाइलच्या नावात नाटकाचं नाव, तुमचं आडनाव, प्रत क्रमांक आणि महिना घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’ अशी नावं देणाऱ्याने एकदा तरी चुकीची प्रत पाठवलेली असते. बंद केलेल्या प्रतीत पुढे एक शब्द बदलला तरी क्रमांक बदलायचा. टप्पा सातमध्ये हे का महत्त्वाचं आहे ते कळेल.

## ५. हक्काचे कागद

संहिता लिहिली त्या क्षणी तिचा कॉपीराइट तुमचा असतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी केलीत तर वादाच्या वेळी सरकारी नोंद हाताशी असते, आणि एका नाट्यकृतीची फी पाचशे रुपये आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो. अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं आणि प्रमाणपत्र हातात यायला त्याहून बराच वेळ लागतो. तोवर पाठवायचं थांबवू नका. स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने बंद लखोटा पाठवण्याचा जुना उपाय मात्र सोडा. त्याने कसलाही हक्क निर्माण होत नाही.

एखाद्या कथेवर किंवा कादंबरीवर नाटक केलं असेल तर मूळ लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी लिहायला बसण्याआधी हवी. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. साने गुरुजी 1950मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन 1 जानेवारी 2011पासून खुलं झालं. या हिशेबाने चेकॉव्ह आणि इब्सेन केव्हाच खुले आहेत. पण तुम्ही ज्या इंग्रजी किंवा हिंदी भाषांतरावरून मराठी केलंत, त्या भाषांतरकाराचा हक्क वेगळा चालू असू शकतो. इथे भलेभले अडकतात.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग, याच कायद्याच्या कलम 52नुसार हक्कभंग ठरत नाही. म्हणजे सोसायटीच्या गणपतीत फुकट झालेल्या प्रयोगावरून कोर्टाची भाषा करण्यात अर्थ नाही. तिकीट लावलं की गोष्ट बदलते. आणि प्रयोग कुठलाही असो, लेखकाचं नाव देणं आणि त्याच्या लेखनाची बदनामीकारक मोडतोड न करणं हे बंधन राहतंच.

तपासणी : संहितेत चित्रपटगीत वाजवायला सांगितलंय का? त्याचे हक्क वेगळे असतात. गाणं अगदीच अडत नसेल तर काढा, किंवा ‘रेडिओवर जुनं गाणं’ एवढंच लिहा.

## ६. कुठे आणि केव्हा पाठवायचं

संहिता चांगली असूनही पडून राहते, कारण ती चुकीच्या महिन्यात पोचते. महाराष्ट्रातल्या हौशी रंगभूमीला स्वतःचं पंचांग आहे.

पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेच्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या फेऱ्या साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतात. त्यासाठी कॉलेजचे संघ मे-जूनपासूनच एकांकिका शोधतात, आणि जुलैत तुमची फाइल आली तर ती पुढच्या वर्षासाठी आली असं समजा. लोकसत्ता लोकांकिका ही कॉलेजांचीच एकांकिका स्पर्धा वर्षाच्या अखेरीकडे असते. वेगवेगळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका चतुरंग प्रतिष्ठानच्या सवाई स्पर्धेत 25 जानेवारीच्या रात्री भिडतात. तिथे थेट प्रवेशिका पाठवायची नसते, तिथवर जिंकून जावं लागतं. तरी दरवर्षी कुणीतरी ‘सवाईला कसं पाठवू?’ असं विचारतंच.

दोन अंकी नाटकासाठी राज्य शासनाची हौशी मराठी नाट्यस्पर्धा हा सगळ्यात मोठा दरवाजा आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं, प्राथमिक फेरी केंद्राकेंद्रांवर साधारण नोव्हेंबरपासून चालते. बालनाट्य, संगीत, संस्कृत, हिंदी यांच्या स्पर्धा वेगळ्या. प्रवेशिका संस्था भरते, लेखक नाही. म्हणून तुमचं काम एप्रिल-मेमध्ये संस्थांच्या दिग्दर्शकांपर्यंत पोचणं. कामगार कल्याण मंडळाची नाट्यस्पर्धाही अशीच, तिथे सादर करणारे कामगार आणि त्यांचे कुटुंबीय असतात. गोव्यात पणजीच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा आहेत, आणि तिथल्या गावोगावच्या संघांना नव्या संहितांची भूक महाराष्ट्रातल्या संघांपेक्षा कमी नाही. कोकण-गोव्यात पुरुषपात्रं जास्त असलेलं, मोठ्या माणसांचं नाटक चालतं, शहरी कॉलेजात ते अवघड जातं. कुणाला काय लागतं हे त्यांचे मागचे दोन प्रयोग बघून कळतं, आणि प्रयोग न बघता संस्थेला संहिता पाठवणं मला तरी उद्धटपणाचं वाटतं.

लेखनस्पर्धा हा तिसरा मार्ग. तिथे दोन अटी वाचून काढा. पहिली: संहितेत लेखकाचं नाव कुठेही नको. लोक पहिल्या पानावरून नाव काढतात आणि प्रत्येक पानाच्या तळटिपेत ते तसंच राहतं, फाइलच्या नावातही राहतं. दुसरी: संहिता अप्रकाशित आणि प्रयोग न झालेली हवी. अभिवाचन झालं असेल तर ते चालेल का, हे आयोजकांना लेखी विचारा. समजून चालू नका.

पाठवताना पाच-सहा ओळींचं पत्र पुरतं. नाटकाचं नाव आणि प्रकार, वेळ, पात्रसंख्या, तीन ओळीत गोष्ट, हेच नाटक का त्यांच्याकडे पाठवताय ते एका ओळीत, आणि फोन नंबर. गोष्टीचा शेवट लपवू नका. ‘पुढे काय होतं ते नाटकातच वाचा’ हे जाहिरातीत ठीक, दिग्दर्शकाला शेवट आधी माहीत हवा. स्वतःच्या नाटकाला हृदयस्पर्शी, ज्वलंत, आजवर न झालेलं म्हणू नका.

एक वही करा, नाहीतर एक तक्ता: कुणाला, कोणती प्रत, कधी, काय उत्तर. तीन आठवड्यांनी एकदा विचारा. पुन्हा महिन्याने एकदा. तिसऱ्यांदा नको. ‘बघतो’ म्हणजे बहुतेक वेळा नाही, आणि ते मनाला लावून घ्यायचं नाही. एकच संहिता चार संस्थांकडे असायला हरकत नाही, पण एकीने होकार दिला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. एकाच केंद्रावर दोन संघांना एकच नाटक दिलं तर पुढच्या वर्षी दोघेही तुमचा फोन उचलणार नाहीत.

## ७. होकार आल्यावर: परवानगीपत्र आणि प्रमाणपत्र

आनंदात तोंडी ‘करा करा’ म्हणून मोकळं होऊ नका. पत्र लिहा. मसुदा साधारण असा:

> माझ्या ‘…’ या दोन अंकी नाटकाचे (प्रत क्र. …) मराठी भाषेतील रंगमंचीय प्रयोग महाराष्ट्र राज्यात दि. … ते दि. … या काळात करण्याची परवानगी … या संस्थेस देत आहे. भाषांतर, रूपांतर, छपाई, ध्वनिचित्रमुद्रण व समाजमाध्यमांवरील प्रसारणाचे हक्क माझ्याकडे राहतील. संहितेत बदल माझ्या लेखी संमतीने करावेत. मानधन प्रति प्रयोग रु. …, प्रयोगाआधी. जाहिरात व पत्रिकेत लेखकाचे नाव द्यावे.

मुदत आणि प्रदेश न लिहिणं ही नेहमीची चूक. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर सगळा भारत. एका स्पर्धेसाठी दिलेली परवानगी अशी नकळत लांबते. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मंडळाला एका कार्यक्रमासाठी द्यायचं असेल तर तारीख, गाव आणि एकच प्रयोग असं स्पष्ट लिहा, आणि थेट प्रक्षेपण चालेल की नाही तेही.

मानधनाचा विषय आधी काढा. स्पर्धेतल्या संघाकडे पैसे कमी असतात हे खरं, पण नाट्यगृहाचं भाडं आणि दिव्यांचे पैसे ते देतातच. रक्कम छोटी ठेवा, शून्य ठेवू नका. अगदीच सोडायची असेल तर ‘या प्रयोगापुरतं माफ’ असं पत्रात लिहा.

आता प्रमाणपत्र. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता मंजूर करून घ्यावी लागते. बोलताना सगळे ‘सेन्सॉर’च म्हणतात. राज्य स्पर्धेच्या प्रवेशिकेसोबत लेखकाचं परवानगीपत्र आणि हे प्रमाणपत्र मागितलं जातं. मंडळ काही वाक्यं गाळायला किंवा बदलायला सांगू शकतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात अर्ज करू नका. मंजुरी त्या विशिष्ट संहितेला असते. बंद केलेल्या प्रतीचा क्रमांक इथे उपयोगी पडतो. मंजूर झालेली प्रत एक आणि तालमीत फिरणारी दुसरीच, असं झालं तर आक्षेप येतो आणि तेव्हा सारवासारव करता येत नाही.

तपासणी : अर्ज लेखकाने करायचा की संस्थेने, फी कुणी भरायची आणि प्रमाणपत्राची मूळ प्रत कुणाकडे राहणार, हे पत्रात लिहिलंय का? संस्थेने काढलं तरी एक प्रत स्वतःकडे घ्या. पुढच्या संघाला तोच क्रमांक लागतो आणि जुनी संस्था तोवर फुटलेली असू शकते.

## ८. तालमीत लेखक

पहिल्या वाचनाला जा. मग दोन आठवडे जाऊ नका. ब्लॉकिंग, म्हणजे नटांच्या हालचाली बसवणं, चालू असताना लेखक कोपऱ्यात बसलेला असला की नट प्रत्येक वाक्यानंतर दिग्दर्शकाऐवजी त्याच्याकडे बघतात. पूर्ण नाटक सलग व्हायला लागलं की एकदा जा, आणि रंगीत तालमीला जा.

जे सांगायचं ते दिग्दर्शकाला, बाजूला घेऊन. नटाला थेट नाही, आणि ग्रुपवर तर कधीच नाही. एखादं वाक्य नटाच्या तोंडी बसत नसेल तर वाद घालण्याआधी ते त्याला तीनदा म्हणायला लावा. तिन्ही वेळा अडलं तर वाक्य बदला. तालमीत सुचलेली भर चांगली असेल तर घ्या, पण प्रत क्रमांक पुढे सरकवा. बदल मोठा असेल तर मंजुरीचं काय, ते आधी बघा.

## ९. पहिल्या प्रयोगानंतर

प्रयोगाच्या वेळी मागच्या रांगेत बसा, पुढच्या रांगेतून प्रेक्षक दिसत नाहीत. चाचणीवाचनातल्या तीन खुणा इथेही करायच्या, अंधारात जमेल तशा. परीक्षकांचे शेरे मिळाले तर घ्या, पण त्यावरून लगेच संहिता हलवू नका. परीक्षक प्रयोगाला गुण देतात आणि त्यात तुमचा वाटा वेगळा काढणं त्यांनाही कठीण जातं.

आठवड्याच्या आत ही कामं उरका. जसा प्रयोग झाला तशी ‘प्रयोगप्रत’ तयार करा, ज्यात प्रत्यक्ष वेळ आणि राहिलेले बदल आहेत. दिग्दर्शकाकडून नेपथ्याचा साधा आराखडा आणि साहित्याची यादी मागून घ्या. पत्रिका आणि बातमीचं कात्रण जपून ठेवा. प्रयोगाचं चित्रण कुणी समाजमाध्यमावर टाकलंय का ते बघा, आणि परवानगी नसेल तर आधी फोन करा, भांडण नंतर. मानधन राहिलं असेल तर आत्ताच मागा. करंडक मिळाल्यावर संघ लेखकाला विसरत नाही, न मिळाल्यावर विसरतो.

पुस्तक छापायचं असेल तर ते यानंतर, प्रयोगप्रतीवरून. प्रकाशकाशी करार करताना छपाईचा हक्क आणि प्रयोगाचा हक्क वेगळे ठेवा. पुस्तकाच्या आतल्या पानावर प्रयोगाच्या परवानगीसाठी कुणाशी संपर्क करायचा ते छापा आणि तिथे बदलणार नाही असा पत्ता किंवा ईमेल द्या. पुस्तक विकत घेतलं म्हणजे प्रयोगाची परवानगी मिळाली असं समजणारे संघ अजून पुष्कळ आहेत. त्यांचा फोन आला तर परवानगीपत्राचा मसुदा हाताशी असू द्या, तारखा भरा आणि त्याच दिवशी पाठवा.